घाईचें मन आणि न्यायाची शिस्त

कसोटी म्हटली कीं आपणांस गणिताचीं उदाहरणें, व्याकरणाचे नियम आणि भूगोलाचे नकाशे आठवतात. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक अशी कसोटी प्रचारांत आली आहे, कीं जिला घोकंपट्टी उपयोगी पडत नाहीं आणि जींत भल्याभल्या विद्वानांसही मान खालीं घालावी लागते. मनुष्याच्या मनांत त्याच्या नकळत कोणते पूर्वग्रह दडून बसले आहेत, हें ती त्याच्या बोटांच्या वेगावरून पाहते. ही कसोटी आपल्यासारख्या शाळांतून घ्यावी काय, आणि घेतल्यास तिच्या निकालाचें काय करावें, हा प्रश्न विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें विचारार्थ ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम तिची कृति समजून घेऊं. संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक शब्द किंवा चित्रें उमटतात. फुलाचें नांव किंवा चांगल्या अर्थाचा शब्द आला, कीं डाव्या हाताची कळ दाबावयाची. किड्याचें नांव किंवा वाईट अर्थाचा शब्द आला, कीं उजव्या हाताची. मोगरा, आनंद, शेवंती, प्रेम हे शब्द डावीकडे. ढेकूण, दुःख, झुरळ, द्वेष हे उजवीकडे. हें काम झरझर होतें. मग जोड्या उलटतात. आतां किडा आणि चांगला शब्द यांची कळ एक, फूल आणि वाईट शब्द यांची दुसरी. शब्द तेच, हातही तेच. तरी बोटें अडखळूं लागतात आणि चुका वाढतात. दोन्ही वेळांतील फरक सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजितात. फरक जितका मोठा, तितकी पहिली जोडी मनांत अधिक घट्ट बसलेली, असें अनुमान. पुढें फुलांच्या व किड्यांच्या जागीं गोऱ्या व काळ्या माणसांचे, तरुणांचे व वृद्धांचे चेहरे ठेवितात, आणि मग खरी परीक्षा सुरू होते.

या कसोटीचा पहिला निबंध अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड व त्यांचे दोन सहकारी यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केला. तिचा प्रसार करण्यांत ज्यांनीं मोठा भाग उचलला, त्या महझरीन बनाजी या पारशी विदुषी आपल्या भागापासून फार दूरच्या नव्हेत. आपल्या सेवाग्राम स्थानकावरून दक्षिणेस जाणाऱ्या ज्या गाड्या सिकंदराबादेस पोहोंचतात, त्याच सिकंदराबादेंत त्यांचा जन्म झाला. हैदराबादेंत शिकून त्या अमेरिकेस गेल्या आणि पुढें हार्वर्ड विद्यापीठांत प्राध्यापक झाल्या. गोऱ्या-काळ्यांच्या कसोटींत त्यांचीं स्वतःचीं बोटेंही काळ्या चेहऱ्यांपाशीं अडखळलीं, हें त्यांनीं जाहीरपणें सांगितलें आहे. वृद्धांच्या कसोटींत तर खुद्द वृद्ध माणसेंही तरुण चेहऱ्यांचीच जोडी चांगल्या शब्दांशीं लवकर लावितात. २००९ सालीं ३४ देशांतील ५ लाखांहून अधिक निकाल एकत्र करून पाहण्यांत आले, तेव्हां सुमारें ७० टक्के लोकांच्या मनांत ‘विज्ञान’ हा शब्द पुरुषांशीं बांधलेला आढळला.

ही कसोटी नेमकें काय शोधून काढते? मनुष्याचा निश्चय तिला कळत नाहीं. त्याच्या मनास कशाची संगत लागली आहे, एवढें ती दाखविते. आपल्या जिल्ह्यांतील कपाशी पेरणाऱ्या घरच्या मुलापुढें ‘अळी’ हा शब्द आला, तर त्यास बोंडअळी आठवेल, आणि तिच्याबरोबर बुडालेलें पीक व डोक्यावरचें कर्ज. याच विदर्भांत गडचिरोली-भंडाऱ्याकडे कोसा रेशमाचे किडे पाळणाऱ्या घरच्या मुलास तोच शब्द ऐकून घरांत येणारे चार पैसे आठवतील. अळीविषयीं या दोघांनीं कधीं बसून मत बनविलेलें नाहीं. जें नित्य डोळ्यांपुढें आलें, त्याची गांठ मनानें आपोआप मारिली. आतां ‘झाडू’ हा शब्द घ्या, आणि तो ऐकतांच कोणाचा चेहरा पुढें येतो तें ज्यानें त्यानें आपल्याशीं पाहावें. ‘सुंदर’ म्हणतांच कोणत्या वर्णाची मुलगी दिसते? ‘साहेब’ म्हणतांच कोणतें आडनांव कानीं येतें? उत्तर यावयास क्षणही लागत नाहीं. ही गांठ आपण मुद्दाम मारिली नाहीं हें खरें. पण तिचा काच दुसऱ्यास सोसावा लागतो, हेंही तितकेंच खरें.

तो काच किती मोठा आहे, याचीं मापें आपल्या देशांतच घेतलेलीं आहेत. अमरावती जिल्ह्यांत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनीं खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता सारखी, भेद केवळ नांवाचा. २००७ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. उच्चवर्णीय नांवाच्या मानानें दलित नांवाच्या अर्जदारास बोलावणें येण्याचा संभव सुमारें दोन-तृतीयांश, आणि मुसलमान नांवाच्या अर्जदारास सुमारें एक-तृतीयांशच होता. अर्ज बाजूस सारणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यास आपण अन्याय करीत आहों असें वाटलें असेल काय? बहुतेकांस तसें वाटलेंही नसेल.

शाळाही या दोषापासून मुक्त नाहींत. उत्तर प्रदेशांतील खेड्यांतून सहावी-सातवीच्या ६४२ मुलांस कागदावरील भुलभुलैये सोडवावयास दिले होते. जात उच्चारली नव्हती तोंवर दोन्ही वर्गांची मुलें सारखींच चमकलीं. सर्वांसमक्ष नांव व जात वाचून दाखवितांच खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांचें काम पंचमांशाहून अधिक घटलें. दुसऱ्या एका प्रयोगांत उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर मुलांच्या जाती चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें वाटेल तशा लिहिल्या. तेव्हां खालची जात लिहिलेल्या पत्रिकांस शिक्षकांच्या हातून थोडे कमी गुण पडले. तो निबंध २०१२ सालीं प्रसिद्ध झाला.

इतकें वाचून कोणी म्हणेल, ‘मग ही कसोटी प्रत्येक मुलास द्यावी आणि ज्याचें मन कलंकित निघेल त्यास सुधारावें.’ येथेंच थांबलें पाहिजे. एकच मनुष्य आज एक गुण मिळवितो आणि चार आठवड्यांनीं दुसराच. एखाद्याच्या निकालावरून तो उद्यां कसा वागेल, हें सांगण्याइतकी ती भरंवशाची नाहीं, आणि तिच्या प्रवर्तकांनींही व्यक्तीची निवड वा पारख तिच्यावरून करूं नये असा इशारा दिला आहे. शिवाय २०१६ सालीं मनाच्या या गांठी सोडविण्याचे नऊ उपाय तपासण्यांत आले. नऊही उपायांनीं तत्काळ फरक पडला. परंतु कांहीं तासांत किंवा दिवसांत तो मावळून गेला. एका व्याख्यानानें किंवा एका चित्रानें मन धुऊन निघत नाहीं. अशा स्थितींत चौदा वर्षांच्या मुलाच्या नांवापुढें ‘पूर्वग्रहदूषित’ असा शेरा मारणें म्हणजे एक नवाच पूर्वग्रह निर्माण करणें होय.

मग उपाय कोणता? तो शोधावयास आपणांस वर्धा जिल्ह्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. जमनालाल बजाज यांनीं आपल्या घराण्याचें वर्ध्याचें लक्ष्मीनारायण मंदिर पुरोहितवर्गाचा विरोध पत्करून १९२८ सालीं अस्पृश्य मानलेल्या बंधूंस खुलें केलें. गांवांतील सर्वांचीं मनें शुद्ध होईपर्यंत ते थांबले असते, तर तें दार आजही लोटलेलेंच राहिलें असतें. १९३६ सालीं महात्मा गांधी शेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, राहावयास आले. तेथील आश्रमांत संडाससफाई ही आश्रमवासीयांनींच करावयाची होती. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेंतून जी नयी तालीम निघाली, तिनें सेवाग्रामच्या शाळेंत सफाई, सूत आणि स्वयंपाक हीं सर्व मुलांच्या शिक्षणाचींच अंगें मानिलीं. त्या मुलांपुढें ‘झाडू’ हा शब्द आला, तर त्यांस स्वतःचाच हात आठवला असेल. मनाची गांठ रोजच्या पाहण्यानें पडते. रोजचें पाहणेंच बदललें, तर ती सैल होण्याची आशा धरतां येते.

‘बाहेरच्या नियमांनीं अंतःकरण पालटत नाहीं,’ हा आक्षेप जुना आहे आणि त्यांत तथ्यही आहे. मंदिराचें दार उघडल्यानें वर्धा जिल्ह्यांतील जातिभेद संपला असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु ज्यास आज दाराबाहेर उभें राहावें लागतें, त्यानें इतरांच्या हृदयपालटाची वाट किती पिढ्या पाहावी? अंतःकरणाची शुद्धि हा ज्याचा त्याचा जन्मभराचा अभ्यास आहे. न्याय मात्र आजच्या आज मिळावयास पाहिजे.

म्हणून माझें मत असें आहे. वरच्या वर्गांतील मुलांनीं ही कसोटी एकदां अवश्य द्यावी. पण नांव न लिहितां, आणि निकाल वर्गाचा एकत्रित काढावा. तिच्यापासून घ्यावयाचें तें एवढेंच, कीं ‘माझें मन निर्मळ आहे’ ही ग्वाही कोणाचीच पुरेशी नाहीं. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर ज्याप्रमाणें नांव नसून क्रमांक असतो, त्याप्रमाणें शाळेच्या सहामाही व वार्षिक परीक्षांतही क्रमांकच असावा. बाकावर कोणी कोणाजवळ बसावें, वर्ग कोणी झाडावा, प्रयोगशाळेंत उपकरणास प्रथम हात कोणीं लावावा, हें पाळीनें ठरावें. तेथें आवडीनिवडीस किंवा मुलगा-मुलगी या भेदास वाव नसावा.

पालकांसही एक विनंती आहे. मुलाच्या मित्राचें नांव विचारल्यावर लागलीच ‘आडनांव काय?’ हा प्रश्न ज्या घरीं येतो, त्या घरीं मुलास दुसऱ्या धड्याची गरज राहत नाहीं. सांवळ्या मुलीच्या देखत रंगाची चर्चा, पाहुण्यांचे पेले उचलण्यासाठीं नेहमीं मुलीसच हांक, घरकाम करणाऱ्या बाईंचा कप वेगळा ठेवणें, या गोष्टी बोलून शिकवाव्या लागत नाहींत. संगणकाची कसोटी दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. घरांतील ही कसोटी रोज चालते, आणि तिचे परीक्षक आपलींच मुलें असतात.