मांडवाचे कर्ज शेतावर चढवू नका

रोहिणखेडच्या शेतकरी, शेतमजूर बंधू-भगिनींना जाहीर विनंती

लग्नसराई आणि खरिपाची तयारी आपल्याकडे एकाच वेळी येते. एप्रिल-मेमध्ये मांडव पडतात आणि मृगाच्या आधी बियाणे-खताचे पैसे हाताशी लागतात. सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्जही याच दिवसांत खात्यावर पडते. कागदावर ते कपाशी-सोयाबीनचे असते, पण खात्यातून निघाले की बस्त्याला, सोनाराला, मंडप-डेकोरेशनला आणि डीजेला जाते. मग जून उजाडतो. बियाणे कृषी केंद्रातून उधारीवर येते, आणि उधारी मिळाली नाही तर गावातल्याच कुणाकडून तरी टक्क्याने पैसे उचलावे लागतात. या पत्रकातून एकच गोष्ट मांडायची आहे. लग्न, साखरपुडा, जावळ, तेरवी यांसाठी काढलेल्या कर्जातून काहीच पिकत नाही, हे सगळ्यांना कळते. पण त्या कर्जाला कायद्याचा, कर्जमाफीचा, सरकारी मदतीचा कुठलाच आधार नसतो, हे घर बुडेपर्यंत कुणी सांगत नाही. एकटे घर हा खर्च टाळू शकत नाही. गावाने ठरवले तर टळतो.

आधी व्याजाचा हिशेब पाहू. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळते. मुदतीत फेडणाऱ्याला केंद्र सरकारची ३ टक्के सवलत आहे आणि उरलेल्या व्याजाचा भार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य सरकार उचलते. म्हणजे वेळेवर फेडले तर हे कर्ज बिनव्याजी पडते. शेतकऱ्याला यापेक्षा स्वस्त पैसा कुठेच मिळत नाही. तोच पैसा मांडवात गेला की खाते थकते, सवलत बुडते आणि पुढच्या हंगामाचे कर्ज अडते. त्याच्या जागी येणारा पैसा महिना ३ ते ५ टक्क्यांचा असतो. बँकेचे ७ टक्के वर्षाचे आणि सावकाराचे ५ टक्के महिन्याचे, पण बोलताना दोन्ही नुसते 'टक्के'च होतात आणि अडलेला माणूस इथेच फसतो. १ लाखावर महिना ५ टक्के म्हणजे वर्षाचे ६० हजार, तेही नुसते व्याज. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव ४ हजारांच्या आसपास रेंगाळत होता. त्या भावाने ६० हजार उभे करायला १५ क्विंटल सोयाबीन लागते. कोरडवाहू रानात अडीच-तीन एकरांचे सगळे पीक त्यात जाते, आणि मुद्दलातला एक रुपयाही कमी होत नाही. व्याज थकून मुद्दलात मिळत गेले तर दोन वर्षांत लाखाचे ३ लाख २२ हजार होतात. ३ टक्क्यांचा दर 'घरचा माणूस' म्हणून लावला तरी दोन वर्षांत रक्कम दुप्पट होते.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ पासून लागू आहे. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के, यापेक्षा जास्त व्याज लावायचे नाही, असे सरकारने ठरवून दिले आहे. महिना ५ टक्के म्हणजे वर्षाला ६० टक्के. हा दर कुठल्याच चौकटीत बसत नाही. म्हणून हा व्यवहार चिठ्ठीवर होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे खरेदीखतावर होतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोन साक्षीदारांसमोर अंगठा उठतो. कागद म्हणतो शेत विकले. तोंडी बोली असते की पैसे परत आले की शेत उलटून देऊ. सातबाऱ्यावरचे नाव मात्र त्या बोलीवर थांबत नाही, फेरफार होऊन जातो. सरकारने आजवर दिलेल्या कर्जमाफ्या पाहा. २००८ ची केंद्राची, २०१७ ची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची माफी बँका-सोसायट्यांच्या शेतीकर्जापुरती होती. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात सावकारी कर्ज माफ झाले तेही फक्त परवानाधारक सावकारांचे. चिठ्ठीवरचे कर्ज कुठल्याही यादीत आले नाही. याहून कठोर गोष्ट अशी की शेतकऱ्याने जीव दिला तर वारसांना १ लाखाची मदत देताना बँक, सहकारी संस्था किंवा मान्यताप्राप्त सावकाराचेच कर्ज धरले जाते. मुलीच्या लग्नासाठी बिनपरवाना सावकाराकडून घेतलेल्या पैशापायी कुणी गेला, तर त्या घराचे प्रकरण या निकषावर अपात्र ठरते. ज्या कर्जाने माणूस मारला, सरकारी कागदावर ते कर्जच नसते.

यावर जाणते लोक एक आक्षेप घेतील आणि तो हलका नाही. शेतकरी लग्नांमुळे नव्हे तर भावामुळे, निसर्गामुळे आणि धोरणांमुळे बुडतो. उधळपट्टीचा ठपका ठेवणे ही शहाण्यांची जुनी खोड आहे, असे ते म्हणतील. मे १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्यानंतर नेमलेल्या दख्खन दंगा आयोगानेही असेच नोंदवले होते. लग्नकार्याच्या खर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले जाते, असे प्रसंग क्वचित येतात, कर्जाची सुरुवात बहुधा तिथून होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. २००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडेही तीच बाजू घेतात. देशभरातल्या शेतकरी कुटुंबांच्या दर १,००० रुपये कर्जापैकी ५८४ रुपये शेतीच्या भांडवलासाठी आणि चालू खर्चासाठी होते. लग्न आणि समारंभांसाठी १११. हे सगळे मान्य आहे. हमीभावाची लढाई या पत्रकाने लहान होत नाही आणि होऊ नये. पण या १११ रुपयांकडे नीट पाहिले पाहिजे. शेतीच्या खर्चातून निदान एखाद्या वर्षी पीक येते. या १११ मधून काहीच येत नाही, ते फेडायचे असतात त्याच शेतीतून, जी स्वतःचा खर्च भागवत नाही. शिवाय ते एकदम, एका आठवड्यात, आणि सर्वांत महागड्या दाराने येतात. २००६ साली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने महाराष्ट्रातल्या शेतकरी आत्महत्यांचा अभ्यास केला. त्यात कर्जबाजारीपणा सर्वांत वर होता, आणि मुलीच्या किंवा बहिणीच्या लग्नाचा भार सुमारे एक तृतीयांश घरांत आढळला. हे सगळे याच जमिनीवरचे आहे. त्याच वर्षी पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले त्यांत आपला बुलढाणाही होता. शेती तोट्यात आहे हे खरे, आणि खरे आहे म्हणूनच तिच्यावर मांडवाचा भार टाकण्याइतकी जागा तिच्यात उरलेली नाही.

दुसरा आक्षेप मायेतून येतो. लेक एकदाच सासरी जाते, तिच्यासाठी नाही करायचे तर कोणासाठी? लेकीवर खर्च करावा, जरूर करावा. पण लग्नातला खर्च लेकीच्या हाती किती पडतो? मंडपवाला, घोडीवाला, डीजेवाला, केटरिंग आणि व्हिडिओ यांची बिले भागवून संध्याकाळी मांडव उतरतो, तेव्हा त्यातले तिच्या नावावर काय उरते? महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने वाटा दिला. शरियतमध्येही मुलीचा हिस्सा ठरलेला आहे. प्रत्यक्षात 'तुझ्या लग्नाला एवढा खर्च केला' हे कारण पुढे करून तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतले जाते. म्हणजे तिच्या नावाने कर्ज काढायचे, ते पाहुण्यांवर उडवायचे, आणि ते फिटावे म्हणून तिचाच वाटा काढून घ्यायचा. मुलीवर माया असेल तर तो पैसा तिच्या शिक्षणावर लागावा, तिच्या खात्यावर राहावा, किंवा वाट्याचे शेत तिच्या नावावर राहू द्यावे. यातल्या कशालाही सावकाराच्या दारात जावे लागत नाही.

आहेर परत येतो, म्हणून खर्च निघतो, असेही म्हणतात. आहेराची वही उघडून पाहा. नाव, गाव, रक्कम, साडी की टॉवेल-टोपी, सारे ओळीने लिहिलेले असते, कारण ते सगळे फेडायचे असते. ज्याने ५०१ दिले त्याच्या घरी ५०१ पेक्षा कमी नेता येत नाही. मांडव आपला असतो तेव्हा त्या वहीत जमा दिसते. पुढची दहा-पंधरा वर्षे ती देण्याची यादी होते. बिनव्याजी आहे, पण कर्जच आहे.

मुलींच्या बापांचे दिवस आता सरले, आता मुलांना मुली मिळत नाहीत, असेही कोणी म्हणेल. त्याने कर्ज थांबले नाही, ते मुलाकडच्या घरात शिरले. पोरगा शेतीत आहे म्हणून नकार येऊ नये, यासाठी उसनवारीवर स्लॅब टाकला जातो, गाडी दारात उभी केली जाते. दलालाला लाख-दीड लाख मोजून परगावची नवरी आणली जाते. लग्नानंतर काही दिवसांत ती दागिन्यांसह पसार झाल्याच्या तक्रारी विदर्भ, खानदेश, मराठवाडा तिन्हीकडच्या पोलीस ठाण्यांत दाखल झाल्या आहेत. नवरी गेली तरी सावकार जात नाही. बायांच्या गटांना मिळणाऱ्या फायनान्सच्या कर्जाचेही असेच होते. कागदावर शेळ्या किंवा शिवणयंत्र असते, घरात आलेली असते वाढदिवसाची कमान नाहीतर हप्त्याचा मोबाइल. शेळी असती तर करडू तरी झाले असते. आठवड्याचा हप्ता चुकला की गटातल्या दहा बायांना एकीच्या दारात बसवले जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार असे कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांच्या हप्त्यांचा बोजा कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये. सही करण्याआधी हे विचारण्याचा प्रत्येक बाईला अधिकार आहे.

बँक वेळेला दार उघडत नाही, सावकार रात्रीही उघडतो, या बोलण्यात तथ्य आहे. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बुलढाणा जिल्हा केंद्रीय सहकारी बँकेला परवाना नाकारला तेव्हा जिल्ह्यातल्या सोसायट्यांच्या सभासदांचा हक्काचा पैसा अडला आणि सावकारांचे फावले. सहकाराच्या या पडझडीचा जाब विचारलाच पाहिजे. पण तो बियाण्याच्या पैशासाठी विचारू; बँक सुरळीत असती तरी घोडीसाठी आणि डीजेसाठी तिने कर्ज द्यावे अशी मागणी आपल्यापैकी कोणी करणार आहे का?

धर्माचा आधार घेऊन या खर्चाचे समर्थन करता येत नाही. निकाहला दोघांची कबुली, साक्षीदार आणि मेहर लागते, आणि मेहर नवरीची असते. बौद्ध विवाह त्रिसरण-पंचशीलाने लागतो. महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापल्यावर तीनच महिन्यांत, डिसेंबर १८७३ मध्ये, भटजीविना साधे लग्न लावून दाखवले. गाडगेबाबांनी वऱ्हाडात गावोगाव झाडू मारून रात्रीच्या कीर्तनात कर्ज काढून सण-समारंभ करणाऱ्यांना खडसावले. त्यांच्या मामाचे शेत सावकाराच्या घशात चालले होते, हे त्यांनी पाहिले होते. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत लग्नातल्या उधळपट्टीवर आणि सामुदायिक विवाहावर सविस्तर लिहिले. त्यांच्या जयंत्या आपण वर्गणी काढून करतो. समाज वाळीत टाकेल ही भीतीही सोडा. २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात गुन्हा आहे.

जे आधीच अडकले आहेत त्यांनी लाजू नये. बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कर्जापोटी लिहून घेतलेले शेत पंधरा वर्षांच्या आतले असेल, तर सावकारी कायद्याच्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते आणि चौकशीत सिद्ध झाले तर ते परत मिळू शकते. मोताळ्याला सहायक निबंधकांकडे चौकशी करा. चिठ्ठ्या, कोऱ्या धनादेशांचे क्रमांक, फोनवरून पाठवलेल्या व्याजाच्या नोंदी जपून ठेवा. व्याज रोख द्यावे लागत असेल तर साक्षीदारासमोर द्या.

आणि गावाने २६ जानेवारीच्या ग्रामसभेत, म्हणजे लग्नसराईच्या तोंडावर, एक ठराव करावा. साखरपुड्यातच लग्न उरकावे किंवा नोंदणी पद्धतीने करावे. जेवण वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीचे, एकच पंगत. आहेर देणे-घेणे बंद. डीजे आणि घोडी नाही. तेरवीला गावजेवण नाही. शेतकरी-शेतमजुरांच्या मुलींसाठी शासनाची शुभमंगल सामूहिक व नोंदणीकृत विवाह योजना अनुदान देते, तिचे अर्ज ग्रामपंचायतीने भरून द्यावेत. गरिबाने साधे लग्न केले तर लोक त्याला ऐपत नव्हती म्हणतात, आणि त्याच बोलण्याच्या भीतीने पुढचा गरीब सावकाराकडे जातो. म्हणून या ठरावावर पहिल्या सह्या नोकरदारांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि बागायतदारांच्या हव्यात, ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे आणि ज्यांना त्यासाठी कर्ज काढावे लागणार नाही.