घरकारभार : आधी तक्रार, मग बोलणी

एके काळी किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे, यावरून घरात कोणाचं चालतं ते पाहुण्याला न विचारता कळायचं. आता जुडगा खुंटीला लटकतो आणि पैसा फोनमध्ये असतो. भाजी, दूध, इस्त्री, शाळेची फी, भिशी, सगळं फोनवरून. पण या नव्या कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे, असं विचारलं की निम्म्या जणी म्हणतात, "ते सगळं आमचे हे बघतात." आणि काही बिनसलं, की बोलणी खायला मात्र आपण पुढे!

आज लिहायचं आहे ते त्या बोलण्यांबद्दलच. माझं तर स्पष्ट मत आहे, की फोनवरच्या चोराला सर्वांत जास्त मदत कशाची होत असेल, तर ती आपल्या घरातल्या बोलण्यांच्या भीतीची.

आधी मोठ्यांची घरं पाहू. मोठं घर, पोकळ वासा म्हणतात ते काही खोटं नाही. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची, पिढ्यान् पिढ्यांच्या विश्वासातली. ११ ऑगस्ट २०१८, शनिवारचा दिवस. एटीएममध्ये कार्ड घातलं, की ते यंत्र बँकेच्या कॉम्प्युटरला विचारतं, "देऊ का पैसे?" चोरांनी मधल्या मध्ये आपलाच एक होकार देणारा बसवून ठेवला. प्रश्न बँकेच्या खऱ्या हिशेबापर्यंत पोचायचाच नाही आणि उत्तर मात्र यायचं, "दे!" खोटी कार्डं घेऊन अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे उपसले गेले, आपल्या देशातही गेले. सोमवारी आणखी जवळजवळ चौदा कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. सगळे मिळून चौऱ्याण्णव कोटींच्या वर! ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असं बँकेनं तेव्हा सांगितलं. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणात अकरा जणांना शिक्षाही केली.

आपल्या पिंपरी-चिंचवडचंच घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथल्या स्मार्ट सिटीच्या कामाच्या सर्व्हरवर हल्ला झाला. सर्व्हर म्हणजे माहितीचं कोठार समजा. अशा हल्ल्यात चोर आपल्याच कोठाराला स्वतःचं कुलूप ठोकतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. इथंही बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. काम पाहणाऱ्या कंपनीनं निगडी पोलिसांकडे तक्रार दिली, तिच्यात नुकसानीचा आकडा होता सुमारे पाच कोटी.

आता सांगा, या दोन्हींत कोणत्या बाईचा वेंधळेपणा होता? तिथे तर पगारी जाणकार बसले होते.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनाही मी सोडणार नाही हं. मिक्सर बिघडलेला निघाला तर दुकानदार मुकाट्यानं बदलून देतो. सॉफ्टवेअरवाला मात्र "वाचलं, मान्य आहे" असं आपल्याकडून आधीच वदवून घेतो. ते पानभर बारीक अक्षर वाचणारी अजून मला भेटायची आहे. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनंही सांगायला हवी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं जगभरचे लाखो कॉम्प्युटर अडवून धरले. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घालून घेतली नव्हती, त्यांतले बरेच सापडले. पावसाळ्याआधी कौलं चाळायची, तसंच हे.

आणि आपल्या पुण्याच्या काटकर बंधूंनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या लहानशा दुकानापासून सुरुवात करून 'क्विक हील' उभं केलं, याचं कौतुकच आहे. पण कुठलाही अँटीव्हायरस म्हणजे विकत आणलेलं कुलूप. दार वाजलं आणि आपणच आतून कडी काढली, तर कुलूप बिचारं काय करणार?

कडी काढायला लावतात कशी, ते ऐका. माझ्या ओळखीतली एकजण मोशीला राहते. यजमान चाकणच्या कारखान्यात. एका संध्याकाळी फोनवर संदेश आला, "मागच्या महिन्याचं बिल भरलेलं दिसत नाही. रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल. या नंबरवर संपर्क साधा." असले खोटे संदेश २०२२ मध्ये राज्यभर सुटले होते आणि महावितरणला जाहीर इशारे द्यावे लागले होते. पण हिला काय ठाऊक! दुसऱ्या दिवशी मुलाची परीक्षा. यजमान दुसऱ्या पाळीला, फोन कारखान्यातल्या लॉकरमध्ये. विचारायचं कोणाला? तिनं त्या नंबरवर फोन केला. पलीकडचा अगदी आर्जवी, "ताई, काळजी करू नका." त्यानं एक अ‍ॅप घ्यायला लावलं, म्हणाला, "फक्त दहा रुपये भरून बघा." त्या अ‍ॅपमुळे हिच्या फोनवर जे दिसे ते सगळं त्यालाही दिसत होतं. पाव तासात भिशीचे अठ्ठावीस हजार गेले.

इथवरची गोष्ट कोणाच्याही घरी घडेल. खरं नुकसान पुढे झालं. यजमान रात्री उशिरा घरी आले, हिनं पान वाढलं आणि अवाक्षर काढलं नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस! का? तर "तुला काही अक्कल आहे का" हे ऐकायची भीती. पाचव्या दिवशी भिशीवाल्या बायकांनी पैसे मागितले तेव्हा सगळं बाहेर पडलं. पोलिसांनी तक्रार घेतली, पण तोवर पैसे कुठल्या कुठे गेले होते.

शाळेत मी रोज बघते. ज्या मुलाला घरी मार बसतो, तो कमी मार्कांचा पेपर दप्तराच्या तळाशी दडवतो. ज्याला बसत नाही, तो सरळ आईपुढे धरतो आणि त्याचीच चूक लवकर सुधारते. मोठ्या माणसांचं काय वेगळं असतं?

चार दिवसांनी एवढं काय बिघडतं, असं वाटेल. सांगते. चोर पैसे एका जागी ठेवत नाही. भाड्यानं घेतलेल्या एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे फिरवून शेवटी रोख काढतो. १९३० या सरकारी नंबरवर लगेच कळवलं, तर पैसे ज्या खात्यात असतील तिथेच रोखून धरता येतात. रोख निघाली, की हात चोळत बसायचं. रिझर्व्ह बँकेनं २०१७ च्या परिपत्रकात सूत्रही तेच घातलं होतं. बँकेचा दोष नाही, आपलाही नाही, बाहेरच कुठे भोक पडलं, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर खातेदाराला भुर्दंड नाही. आपणच पिन सांगून बसलो असलो, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोष कोणाचाही असो, घड्याळ महत्त्वाचं!

आणि फसतात त्या फक्त बायका, हा समज आधी काढून टाका. पोलिसाचा वेश करून व्हिडिओ कॉलवर धमकावणाऱ्या 'डिजिटल अरेस्ट'वाल्यांनी भले भले डॉक्टर आणि निवृत्त अधिकारी गंडवले. असली अटक कायद्यात नाहीच, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मधून सांगावं लागलं.

तर मैत्रिणींनो, आता घरच्यासाठी एवढं करा :

१. आपल्या खात्याला आपलाच मोबाइल नंबर जोडा. यजमानांचा जोडलेला असेल आणि फोन आठ तास लॉकरमध्ये असेल, तर पैसे गेल्याची सूचनाही तिथेच पडून राहते.

२. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅसच्या नंबरशेजारी, १९३० आणि आपल्या बँकेचा नंबर ठळक लिहून ठेवा. घाबरल्यावर काही आठवत नाही.

३. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा चोरच.

४. संदेशातल्या नंबरवर फोन करू नका. जुन्या बिलावर छापलेला नंबर शोधून त्यावर विचारा.

५. कोणाच्या सांगण्यावरून अ‍ॅप घेऊ नका. फोन "अपडेट करू का?" असं सेटिंगमध्ये विचारतो, ते मात्र रात्री चार्जिंगला लावून होऊ द्या.

६. घरात एक ठराव करा. पैसे गेले, तर पहिला फोन १९३० ला, दुसरा बँकेला. कोणी कोणाला त्या दिवशी एक शब्दही बोलायचा नाही. बोलणी दुसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर! हा नियम सासऱ्यांना, कॉलेजातल्या मुलाला आणि यजमानांनाही लागू. त्यांचे पैसे गेले, तर आपणही तोंड आवरायचं बरं का.

सहावा ठराव सर्वांत अवघड आहे, पण त्याला एक पैसा खर्च नाही. तेव्हा आज हे पान उघडं करून यजमानांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवा. वाचून काय म्हणाले, ते मला जरूर कळवा.