‘पिशवी साफ’ केली, पण कशाने?

गेल्या वर्षी वस्तीतल्या एका ताईंसोबत मी दवाखान्यात गेले होते. अडीच महिन्यांचा गर्भ पोटातच वाढायचा थांबला होता. ‘पिशवी साफ करावी लागेल’ एवढेच सांगून कागदावर नवऱ्याची सही घेतली. कशाने साफ करणार, हे मी विचारले. उत्तर आले, ‘तुम्हाला काय कळतंय त्यातलं?’

मित्रहो, न कळण्यात आपलेच नुकसान आहे. म्हणून कळून घेऊ.

जुनी पद्धत क्युरेटिंगची, म्हणजे डी अँड सी. यात धातूच्या धारदार हत्याराने गर्भाशयाचे अस्तर खरवडतात. दुसरी पद्धत शोषणाची, म्हणजे एमव्हीए. यात प्लॅस्टिकच्या नळीला हाताने चालणारी सिरिंज लावून आतले ओढून घेतात. बारा आठवड्यांपर्यंत ती चालते, वीज लागत नाही, बहुतेकदा जागेवरची भूल पुरते. वेदना आणि रक्तस्राव कमी होतो. खरवडण्यात अस्तराला इजा होऊन आतल्या भिंती चिकटण्याचा, पुढे दिवस राहायला अडचण येण्याचा धोका जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शिकेत खरवडण्याची पद्धत कालबाह्य ठरवली. तब्येत स्थिर असेल तर गोळ्या घेणे किंवा काही दिवस वाट पाहणे हेही मार्ग आहेत. मात्र खूप रक्त जात असेल किंवा ताप असेल तर थांबू नये.

मग क्युरेटिंग अजून का चालते? सिरिंज महाग नाही आणि ती पुन्हा वापरता येते. अडते ते सवयीपाशी. समोरची बाई प्रश्न विचारणार नाही, ही खात्रीही असते. बिगारी काम करणारी, धुणीभांडी करणारी बाई चौथ्या दिवशी कामावर जाते. कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ती तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू घेतली, तेव्हा कामगार आईची विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न म्हणून मांडला. गर्भ गमावलेली बाई त्या प्रश्नाबाहेर कशी?

कार्यकर्त्यांनो, वस्तीतल्या बैठकीत हे तीन प्रश्न पाठ करून घ्या: कोणत्या पद्धतीने करणार? गोळ्यांनी होईल का? भूल कोणती देणार? आणि हेही सांगा, की सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी असते. शरीर तिचे, सही तिची.

जय भीम!