मार्शल पेताँची ढाल

फ्रान्सच्या मार्शल फिलिप पेताँविषयीं एक समजूत सुशिक्षित मंडळींत अद्यापि आदरानें सांगितली जाते. द गॉलनें परदेशीं राहून तलवार धरली, पेताँनें व्हिशी येथें बसून ढाल धरली, आणि दोघांनीं मिळून फ्रान्स राखला, अशी ती आहे. १९४५ सालच्या खटल्यांत बचावासाठीं पुढें आलेली ही उपमा रॉबेर आराँ यांच्या १९५४ सालच्या ग्रंथानें जवळजवळ सिद्धांताच्या पदवीस नेली. आमच्या मतें ती खोटी आहे. आणि तिचा खोटेपणा दाखविण्यास पेताँच्या शत्रूंची साक्ष काढण्याचेंही कारण नाहीं. त्याच्याच हातचा एक कागद पुरे आहे.

तत्पूर्वीं त्याचें जें देणें आहे तें चुकतें केलेंच पाहिजे. १९१४ सालीं तो अठ्ठावन्न वर्षांचा, निवृत्तीच्या उंबरठ्यावरील एक कर्नल होता. तोफांपुढें नुसत्या शौर्याचें कांहीं चालत नाहीं, हें त्याचें मत तेव्हांच्या सेनाधिकाऱ्यांस रुचणारें नव्हतें. १९१६ सालीं व्हर्दून येथें त्यानें पलटणी आळीपाळीनें आघाडीवर धाडल्या, आणि बार-ल-द्यूकच्या एका रस्त्यावरून रात्रंदिवस मोटारींची रांग चालू ठेवली. पुढच्या वर्षीं थकलेल्या सैनिकांनीं चढाईस नकार दिला, तेव्हां त्यानें कांहींना गोळ्या घालविल्या हें खरें. पण बाकीच्यांना रजा दिली, बरें अन्न दिलें, निरर्थक हल्ले थांबविले. हा सेनापति आपले जीव मोजून खर्च करतो, असें शेतकऱ्यांच्या पोरांना वाटलें. १९४० सालीं फ्रान्सनें चौऱ्यायशी वर्षांच्या या म्हाताऱ्याच्या पदरांत राज्य टाकलें, तें या विश्वासामुळें. १० जुलै रोजीं ५६९ प्रतिनिधींनीं त्याला सर्वाधिकार दिले. विरुद्ध मत देणारे अवघे ८० निघाले.

आतां तो कागद. ३ ऑक्टोबर १९४० चा कायदा ज्यू लोकांना सरकारी अधिकारपदें, सैन्यांतील हुद्दे, शिक्षण आणि वृत्तपत्रें यांतून बाहेर काढणारा होता. तो जर्मनांनीं लादला, असें पुष्कळ वर्षें सांगत असत. वस्तुतः जर्मनांनीं तो मागितलाच नव्हता. २०१० सालीं सर्ज क्लार्सफेल्ड यांनीं त्याचा खर्डा उजेडांत आणला. त्यावर पेताँच्या हस्ताक्षरांत दुरुस्त्या आहेत. जन्मानें फ्रेंच असलेल्या, अथवा १८६० पूर्वीं नागरिकत्व मिळविलेल्या ज्यूंच्या वंशजांना खर्ड्यांत सूट होती. ती ओळ त्यानें खोडली. शिक्षण आणि न्याय या खात्यांतील बंदीही त्यानें वाढविली. पहिल्या महायुद्धांत लढलेल्या ज्यूंना कांहीं दुय्यम नोकऱ्यांची मुभा कायद्यानें ठेवली. शाळेंत शिकविण्याची वाट मात्र त्यांनाही बंद झाली. म्हणजे व्हर्दूनच्या खंदकांत पेताँच्या हुकुमाखालीं उभा राहिलेला ज्यू मास्तर फ्रेंच मुलांना बाराखडी शिकविण्यास नालायक ठरला! ढाल धरणारा हात असा चालतो काय?

वयोमानानें त्याची बुद्धि चळली होती, ही दुसरी पळवाट. चळलेली बुद्धि नेमकी सवलतीचीच ओळ शोधून काढीत नाहीं.

त्याच महिन्याच्या २४ तारखेस त्यानें मोंत्वार येथें हिटलरशीं हस्तांदोलन केलें, आणि ३० रोजीं आकाशवाणीवरून सहकार्याचा मार्ग पत्करल्याचें स्वतः जाहीर केलें. १९४२ च्या जुलैंत पॅरिसमध्यें १३,००० हून अधिक ज्यू दोन दिवसांत पकडण्यांत आले, ते फ्रेंच पोलिसांनीं. परक्या ज्यूंचा बळी देऊन फ्रेंच ज्यू वाचविले, असें म्हणणारांनीं त्या कैद्यांत ४,००० हून अधिक मुलें होतीं, आणि त्यांपैकीं बहुतेक फ्रान्समध्येंच जन्मलेलीं होतीं, हें ध्यानांत घ्यावें. युद्ध संपेपर्यंत सुमारें ७६,००० जण फ्रान्समधून छावण्यांकडे गेले. परत आले ते सुमारें २,५००.

२०१८ सालीं राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनीं पहिल्या महायुद्धांतील पेताँला थोर सैनिक म्हटलें आणि गदारोळ उठला. व्हर्दूनचा पेताँ निराळा आणि व्हिशीचा निराळा, ही वांटणी आम्हांस मान्य नाहीं. एकानें मिळविलेली पत दुसऱ्यानें खर्च केली, आणि खातें एकच होतें.

फांशीऐवजीं जन्मठेप भोगीत तो १९५१ सालीं अटलांटिकमधील यू बेटावर मेला. १९७३ सालीं त्याच्या भक्तांनीं रात्रींतून त्याची शवपेटी उकरून पळविली. व्हर्दूनजवळ दूओमों येथें, त्याच्या शिपायांच्या अस्थींशेजारीं ती पुरण्याचा त्यांचा बेत होता. थोड्याच दिवसांत ती सांपडली आणि पुन्हां त्या बेटावर नेऊन पुरण्यांत आली. तें योग्यच झालें.