तंबोरा आणि स्कूटर

तंबोरा घ्यावयाचा तर दुकानात जुळवून ठेवलेला ऐकून घेऊ नये, असे आमचे वडील सांगत. दुकानदाराने जवारी नुकतीच लावलेली असते. तेव्हा तो गोड बोलणारच! आपल्या हाताने तारा उतरवाव्या, आपल्या स्वरात पुन्हा चढवाव्या, अर्धा तास छेडावा आणि मग भोपळ्यातून काय उमटते ते ऐकावे. 1948 साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, तेव्हा वडील दरबारी गवयांत नुकतेच रुजू झालेले पोरसवदा गायक होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. वारशात दरबार मिळाला नाही, असले सल्ले मात्र पुष्कळ मिळाले. त्यांतला हा सल्ला स्कूटरच्या दुकानात आठवावा लागेल, असे वाटले नव्हते.

आमच्या घरी नवी स्कूटर घ्यायचे ठरले ते माझ्याकरिता नव्हे. माझी शिकवणी घरीच चालते. गाडीवरून रोज कामाला जाणार सौभाग्यवती. मी फार तर मागे बसणार. तरीही दुकानातल्या मुलाने किल्ली माझ्याच हाती दिली आणि मीही ती निःसंकोच घेतली. गुळगुळीत रस्त्यावर दोनशे पावले जाऊन आलो आणि ‘उत्तम आहे’ असा अभिप्राय दिला. ती शांतपणे म्हणाली, “अहो, गाडी कुणासाठी घेतो आहोत आपण?”

मग ती बसली. माझे तळवे जिथे सपाट टेकत होते तिथे तिचे चवडे जेमतेम टेकत होते. वळवून घेताना गाडी एका अंगाला कलली, ती तिने कशीबशी सावरली. उत्तम गाडी दोन मिनिटांत अवघड ठरली. मला शरम वाटली ती या गोष्टीची की, तिने विचारले नसते तर मी त्याच दिवशी बयाणा देऊन आलो असतो.

आमच्या आधीच्या पिढीला ही सोयच नव्हती. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि नंबर लागला की मिळेल ती गाडी मुकाट्याने घरी आणायची. आता दुकानदार आपण होऊन फेरी मारायला देतो, तर आपण ती केवळ उपचार म्हणून उरकतो, आणि तीही घरातल्या कर्त्या पुरुषाने!

माझे म्हणणे एवढेच की, जी व्यक्ती गाडी रोज चालवणार तिनेच फेरी मारावी, आणि ती नीट मारावी. पाय टेकतात का पाहावे. गाडी स्वतः मुख्य स्टँडवर चढवून पाहावी. मागे माणूस बसवून खड्ड्यांचा रस्ता, अरुंद गल्ली आणि थोडा चढ घ्यावा. लष्करात यांतले काहीच शोधावे लागत नाही. एप्रिल 2019 पासून लहान इंजिनाच्या नव्या स्कूटरांना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस सक्तीचे आहे. एकत्रित ब्रेक असेल तर डावी मूठ दाबताच दोन्ही चाके धरली जातात; जुन्या गाडीची सवय असलेल्या हाताला ही गोष्ट रिकाम्या रस्त्यावर आधी कळू द्यावी. विजेची गाडी तर आवाज न करताच पुढे झेपावते. तिथे कान काही सांगत नाही, मनगटालाच शिकावे लागते.

कोणी म्हणेल, दुकानापुढे चार लोकांदेखत बाईमाणसाने अडखळावे कशाला? मी गाणे शिकवतो. शिष्य माझ्यासमोर बेसूर झाला तर मला वाईट वाटत नाही. बैठकीत झाला तर वाटते. दुकानापुढे अडखळणे केव्हाही बरे. महाराज बाड्यावर संध्याकाळच्या गर्दीत अडखळण्याची किंमत फार मोठी असते.

आम्ही ती गाडी घेतली नाही. पुढल्या रविवारी दुसऱ्या दुकानात जाऊ. किल्ली तिच्या हाती असेल. मी हेल्मेट घालून मागे बसेन आणि अभिप्राय विचारल्याखेरीज देणार नाही.