लेकरांच्या ठेवीवरचे व्याज आणि बापाचा आयकर



गळीत हंगाम आटोपून उसाची बिले खात्यावर पडली की आपल्या घरोघर एक काम हटकून होते. सोसायटीचे पीककर्ज, खताची उधारी, लग्नकार्य यांतून जे काही उरते त्यातले चार पैसे लेकरांच्या नावाने ठेवले जातात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घरोघर फिरवून नातवाने जमवलेला बोजारा असो, आजीने लुगड्याच्या गाठीतून काढून दिलेली नोट असो, नाही तर हिंगणा तालुक्यात समृद्धी महामार्गात जमीन गेलेल्या घरातली मोबदल्याची मोठी रक्कम असो, लेकराच्या नावाची पावती फाडली की आईबापाला झोप लागते. ही सवय फार चांगली आहे. ऊसवाल्याच्या घरात पैसा वर्षातून एकदोनदा येतो. तो बांधून ठेवला नाही तर सरीत सोडलेल्या पाण्यासारखा कुठे जिरला ते कळत नाही.

आता प्रश्न त्या ठेवीवरच्या व्याजाचा. गटऑफिसात बसलो की बेणे, लागण आणि तोडणीच्या तारखा यांच्या खालोखाल आजकाल हाच प्रश्न येतो. "साहेब, ऊस आमचा, पैसा आमचा, पावती लेकराची, मग टॅक्स काऊन?" मी शेतकी खात्याचा माणूस, कर सल्लागार नव्हे. पण ज्याच्या उसाची नोंद आपण घेतो त्याच्या घरच्या हिशेबाची चौकशी आपल्याकडेच होणार, म्हणून नियम नीट समजून घेतला. तो येथे मांडतो आणि त्यावर माझे मतही सांगतो.

सभासदांत तीन गैरसमज पक्के बसलेले दिसतात.

पहिला गैरसमज असा की शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून त्या पैशावरचे व्याजही करमुक्त. तसे नाही. उसाचे बिल ही जमिनीची कमाई आहे, तिला केंद्राचा आयकर नाही. तोच पैसा ठेवीत गेला की पुढे येणारे व्याज ही पैशाची कमाई झाली. तिच्यात ना नांगर चालला, ना पाणी दिले गेले. ती इतर उत्पन्नात मोजली जाते. मोबदल्याच्या रकमेचेही हेच आहे. मूळ रकमेवर कर आहे की नाही हा वेगळा विषय. ती ठेवीत टाकल्यावर मिळणारे व्याज करपात्रच.

दुसरा गैरसमज, खाते लेकराचे म्हणून हिशेबही लेकराचा. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली १० वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत व मुदत ठेव खाते स्वतः चालवू देण्याची मोकळीक बँकांना दिली. त्यामुळे खाते पोरगे चालवील, पण कर पालकाच्याच माथी. मूल १८ वर्षांचे होईपर्यंत त्याचे व्याज आई-वडिलांपैकी ज्याचे करात मोजले जाणारे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवतात. येथे आपल्या घरांत एक गंमत होते. वडील शेतकरी, हजार टन ऊस घालतात. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वडिलांची कमाई कितीही मोठी असली तरी उसाचा पैसा या मोजणीत येत नाही. म्हणून लेकरांचे व्याज आईच्या पगारात मिळवले जाईल. पुष्कळ घरांत हे माहीतच नसते आणि नोटीस आली की धावपळ होते.

तिसरा गैरसमज, पतसंस्थेने काही कापले नाही म्हणजे कर नाही. कपात आणि कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान पतसंस्थेला सभासदाच्या व्याजातून कपात करावी लागत नाही एवढेच. तसेच सहकारी संस्थांना त्यांच्या नफ्यावर ज्या सवलती आहेत त्या संस्थेच्या, ठेवीदाराच्या नव्हेत.

काही अपवादही आहेत, ते ध्यानात ठेवावेत. कायद्यात सांगितलेल्या प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवत नाहीत. दोन्ही पालक नसलेल्या लेकराचे व्याज त्याला सांभाळणाऱ्या काका-मामाच्या उत्पन्नात जात नाही. पोराने आखाड्यात कुस्ती मारून बक्षीस मिळवले तर ती त्याच्या अंगच्या कसबाची कमाई, ती त्याचीच. मात्र बक्षिसाची रक्कम ठेवीत टाकली की तिचे व्याज पुन्हा पालकाकडे.

हा नियम आला कोठून? बायको-मुलांच्या नावे संपत्ती वाटून कर चुकवू नये म्हणून इंग्रजी अमलात १९३७ सालीच आयकर कायद्यात दुरुस्ती झाली होती. पण त्या काळी बापाने दिलेल्या संपत्तीचे उत्पन्न वगैरे ठराविक गोष्टीच त्यात होत्या. १९९२ साली, डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना, राजा चेलय्या समितीच्या शिफारशीनंतर मुलाचे जवळजवळ सगळेच उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवायचे ठरले. मग पैसा बापाने दिलेला असो की आजोबाने. सोबत प्रत्येक मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांची सूट ठेवली. १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा आयकर अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून लागू, असे ठरले. कलमांचे आकडे बदलले, पण हा नियम आणि हे १,५०० रुपये तसेच पुढे आले.

माझे म्हणणे आहे ते येथे. नियमाच्या तत्त्वाला माझा विरोध नाही. ज्याच्याकडे पन्नास लाखांची ठेव आहे त्याने ती तीन मुलांच्या नावे फोडून कर बुडवावा आणि पगारदाराने मात्र पै-पैचा भरावा, हे सहकार मानणाऱ्या माणसाला पटणार नाही. पण तत्त्व राखताना लहान बचत मोकळी सोडावी म्हणूनच ती १,५०० ची सूट दिली होती. तिचे पुढे काय झाले पाहा.

१९९२ च्या त्याच अर्थसंकल्पात आयकराची करमुक्त मर्यादा २८,००० रुपये केली होती. जुन्या पद्धतीत ती पुढे अडीच लाखांवर गेली, म्हणजे जवळपास नऊ पट. नव्या पद्धतीत २०२५-२६ या वर्षापासून चार लाख झाली, म्हणजे चौदा पटींहून अधिक. लेकराची सूट मात्र १,५०० वरच खिळून राहिली. एवढेच नव्हे, नव्या कर पद्धतीत गेलेल्या पालकाला ती १,५०० ची सूटसुद्धा मिळत नाही. पहिल्या रुपयापासून व्याज मिळवायचे. उसाचे वाण बदलले, दर बदलले, मजुरी बदलली, आणि हा एक आकडा तेवढा बांधावरच्या दगडासारखा जागेवर.

७ टक्के दर धरला तर १,५०० रुपये व्याज म्हणजे साधारण २१,४०० रुपयांची ठेव. आजच्या घडीला एवढ्यात मुलाचे एका वर्षाचे शिक्षणही भागत नाही. समजा दोन मुलांच्या नावे एकेक लाख ठेवले. व्याज प्रत्येकी ७,०००. सूट वजा जाता दोघांचे मिळून ११,००० आईच्या उत्पन्नात जातील. ती जुन्या पद्धतीत २० टक्क्यांच्या पायरीवर असेल तर उपकरासह २,२८८ रुपये कर होतो.

कोणी म्हणेल, नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नाला सवलतीमुळे कर लागत नाही, आपल्या बहुतेक सभासदांना तर दुसरे उत्पन्नच नाही, मग ओरड कशाला? म्हणणे बरोबर आहे, आणि निव्वळ शेतकरी सभासदाने घाबरून जाऊ नये. पण खरी अडचण कपातीची आहे. बँकेतले व्याज वर्षाला ५०,००० च्या वर गेले की १० टक्के कापले जातात, आणि पॅन दिला नसेल तर २०. आठ लाखांची मोबदल्याची ठेव लेकराच्या नावे असेल तर ७ टक्क्यांनी ५६,००० व्याज होते. त्यातून ५,६०० कापले जाणार, पॅन नसेल तर ११,२००. ज्याला कर लागतच नाही त्याचा पैसा असा अडकतो, आणि विवरणपत्र भरल्याशिवाय परत येत नाही. शिवाय लेकराच्या व्याजामुळे पालकाचे इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर सरकले, तर कराचा दर ठरवताना ५,००० च्या वरचे शेतीचे उत्पन्नही हिशेबात धरतात.

म्हणून काही गोष्टी आजच कराव्यात. लेकराच्या ठेवीला पालकाचा पॅन जोडून, व्याज कोणाच्या उत्पन्नात धरायचे ते बँकेला लेखी कळवा. कर लागत नसेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच तसे घोषणापत्र द्या, ज्याला आपण १५ जी म्हणून ओळखतो. मुलगी १० वर्षांच्या आतली असेल तर मुदत ठेवीआधी सुकन्या समृद्धी खात्याचा विचार करा. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येते आणि व्याजावर कर नाही. मुलासाठी पीपीएफ आहे, फक्त त्यात पालकाचे व मुलाचे मिळून दीड लाखाचेच बंधन.

पण ही झाली आपल्या घरची तजवीज. नियम बदलायचा तर एकट्यादुकट्याचे काम नाही. माझी सूचना सरळ आहे. प्रत्येक मुलामागची सूट निदान १५,००० रुपये करावी, ती दोन्ही कर पद्धतींत द्यावी, आणि करमुक्त मर्यादा वाढेल तशी तीही वाढवावी. विलायतेत आई-वडिलांनी दिलेल्या पैशावर मुलाला वर्षाला १०० पौंडांपर्यंत व्याज मिळाले तर ते पालकाकडे धरत नाहीत, आणि आजी-आजोबांनी दिलेल्या पैशाला तर हा नियमच नाही. आपल्याकडे आजीच्या गाठीतल्या नोटेलाही सोडलेले नाही.

मागून काय होणार, असे म्हणू नका. किमान भावापेक्षा जास्त दिलेला ऊसदर हा कारखान्याचा नफा समजून सहकारी साखर कारखान्यांवर आयकराच्या मागण्या वर्षानुवर्षे लोंबकळत होत्या. सहकाराने ते प्रकरण सोडले नाही. अखेर २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ च्या आधीच्या वर्षांचे असे पैसे खर्च म्हणून धरायला मान्यता मिळाली, आणि हा दिलासा जवळपास १०,००० कोटींचा असल्याचे तेव्हा सांगितले गेले. त्यापुढे आपली मागणी किती लहान!

आयकर खात्याचे मोठे अधिकारी आपल्या नागपुरातच, छिंदवाडा रोडवरच्या प्रत्यक्ष कर अकादमीत शिकून देशभर जातात. नियम चालवणारे आपल्या गावात घडतात. तो बदलण्याची मागणीही येथून जायला हरकत नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत "मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय" या सदरात कोणी तरी सभासदाने हा ठराव मांडावा, दुसऱ्याने अनुमोदन द्यावे, आणि तो आपल्या खासदारांमार्फत अर्थ मंत्रालयाकडे पाठवावा. तोवर लेकरांच्या नावे बचत थांबवू नका, फक्त व्याजाची चिठ्ठी जपून ठेवा आणि हिशेबात दाखवा.

जय सहकार.

ऊस विकास अधिकारी