कुत्रा नखरेल ठरवण्याआधी

गेल्या महिन्यात अकरावीच्या वर्गावर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवून मी बाहेर पडलो, तेव्हा एका विद्यार्थ्याने मला व्हरांड्यात गाठले.

"सर, आमचा कुत्रा भाकरीले तोंडच लावत नाही. बिस्कुट देलं का लगेच खाते. लय नखरे आहेत त्याचे. काय करावं?"

आजूबाजूची मुले हसली. असला प्रश्न भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला विचारावा, याची त्यांना गंमत वाटली असावी. मी त्याला उलट विचारले, "त्याचं वजन किती आहे? गेल्या महिन्यात किती होतं?"

"कुत्र्याचं वजन कोण करते सर!"

या उत्तरासाठीच मी हा लेख लिहीत आहे. माझे मत असे, की ज्याने आपल्या कुत्र्याचे वजन केलेले नाही, त्याला कुत्र्याला नखरेल म्हणण्याचा अधिकार नाही. थाळीत भाकर उरली, एवढेच आपले निरीक्षण असते. 'कुत्रा नखरे करतो' हा त्यावरून काढलेला तर्क झाला. निरीक्षण आणि तर्क यांत गल्लत झाली की काय होते, ते मी स्वतः पाहिले आहे.

माझे बालपण दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात गेले. आमच्या वावरात काळू नावाचा एक राखणदार कुत्रा होता. एका हिवाळ्यात त्याने भाकर खाणे सोडले. थाळीजवळ यायचा, हुंगायचा, कधी एखादा तुकडा उचलायचा आणि टाकून द्यायचा. दूध ठेवले की मात्र चाटूनपुसून प्यायचा. "दुधाची चटक लागली त्याला," असे घरात सर्वांचे मत पडले. मग चटक मोडावी म्हणून दूधही बंद झाले. तीन आठवड्यांनी तो उठेनासा झाला, तेव्हा वडिलांनी त्याला बैलगाडीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिले. हाडाचा एक तुकडा वरच्या दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये आडवा अडकला होता आणि टाळूला जखम होऊन पू झाला होता. तुकडा निघाला, पण काळू वाचला नाही.

आता विचार करा. 'दूध पितो, भाकर खात नाही' हे आमचे निरीक्षण अचूक होते. पण त्याची दोन स्पष्टीकरणे संभवत होती. एक, त्याला दुधाची चटक लागली आहे. दोन, त्याला चावता येत नाही. आम्ही पहिले निवडले, कारण ते सोयीचे होते. दोहोंत निवाडा करणारी एक साधी कसोटी आमच्या घरातच होती. वेचणीच्या दिवसांत कापसाची गाठोडी मोजायचा काटा खुंटीला टांगलेला होता. काळूला पोत्यात घालून त्याच्या आकड्याला दर आठवड्यास अडकवले असते, तर पहिल्या पंधरवड्यातच कळले असते की हा प्रकार नखऱ्याचा नाही.

आता ऊर्जेचा जमाखर्च पाहू. अन्नातून मिळालेली ऊर्जा शरीराची उष्णता राखण्यात, हृदय व फुप्फुसे चालवण्यात आणि धावण्यात खर्च होते. आवक कमी पडली की शरीरातील चरबी व स्नायू झिजतात आणि वजन घटते. म्हणून वजन घटत असेल, तर कुत्रा खरोखरच कमी खात आहे आणि त्याला पशुवैद्याकडे न्यायलाच हवे. उलट, तो 'काहीच खात नाही' आणि तरीही महिनोन्‌महिने त्याचे वजन कायम आहे, तर दोनच शक्यता उरतात. एक तर तुमचा कुत्रा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडत आहे किंवा तो दुसरीकडे कुठेतरी खात आहे. पहिली शक्यता मी तरी मानणार नाही.

कुत्र्याची गरज किती, हेही काढता येते. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ साली निरनिराळ्या प्राण्यांच्या विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाव्ययाची तुलना केली. प्राण्याची उष्णता त्वचेतून बाहेर पडते, म्हणून ऊर्जाव्यय पृष्ठफळाच्या, म्हणजे वजनाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात असावा, असा तर्क होता. मोजमापांचे उत्तर मात्र तीन-चतुर्थांश घाताच्या जवळ आले. क्लायबर यांनी मोजमापाला मान दिला. आज पशुवैद्य जे सूत्र वापरतात ते असे: किलोग्रॅममधील वजनाचे वर्गमूळ काढा, त्याचे पुन्हा वर्गमूळ काढा, आलेल्या संख्येचा घन करा आणि ७० ने गुणा. आमचा मोती १६ किलोंचा आहे. १६ चे वर्गमूळ ४, चाराचे २, दोनाचा घन ८. आठाला ७० ने गुणले की ५६० किलोकॅलरी. ही झाली विश्रांतीची गरज. घरातल्या प्रौढ कुत्र्याला याच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट लागते, म्हणजे दिवसाला सुमारे ९०० किलोकॅलरी.

मोतीही 'भाकर न खाणारा' म्हणून आमच्या गल्लीत प्रसिद्ध होता. वजन मात्र हलत नव्हते. मी एक वही घातली आणि घरातील प्रत्येकाने मोतीला दिलेली प्रत्येक वस्तू तीत लिहावी, असा नियम केला. पहिल्याच दिवशीची नोंद पाहा. मुलांनी, आजीने आणि पाहुण्यांनी मिळून दिलेली १४ ग्लुकोज बिस्किटे, म्हणजे अंदाजे ७० ग्रॅम: सुमारे ३१५ किलोकॅलरी. पाव लिटर म्हशीचे दूध: सुमारे २७०. आणि शेजारच्या काकूंकडे रोज संध्याकाळी एक अख्खी ज्वारीची भाकर, शंभरेक ग्रॅम पिठाची: सुमारे ३३५. बेरीज ९२०! गड्याचे पोट भरलेले होते. आणि आमच्या घरी भाकरीकडे पाठ फिरवणारा हा प्राणी काकूंकडे तीच भाकर आवडीने खात होता.

असे का? काकूंची भाकर चुलीवरून नुकतीच उतरलेली असे, आमची सकाळची, फ्रिजमधून काढलेली. कुत्र्याच्या जिभेवर रुचिकलिका आपल्यापेक्षा पुष्कळच कमी असतात. तो अन्न पारखतो ते मुख्यतः नाकाने. वास येतो म्हणजे पदार्थाचे रेणू हवेत मिसळून नाकापर्यंत पोहोचतात. तापमान वाढले की रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा वाढते, अधिक रेणू पृष्ठभाग सोडून निघतात आणि वास दरवळतो. थंड भाकर त्याच्या दृष्टीने जवळजवळ मुकी असते. थोडे गरम पाणी घालून तीच भाकर कोमट केली, तर ती त्याच्याशी बोलू लागते. हात बुडवून पाहावा, चटका बसता कामा नये.

दुसरे कारण शिक्षणाचे आहे. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या पावलॉव्ह यांनी कुत्रा खुणा कशा शिकतो हे दाखवले. आमच्या मोतीने शिकलेला धडा साधा होता: भाकर सोडली की थोड्या वेळाने बिस्किटाचा डबा वाजतो. हा धडा आम्हीच त्याला रोज दिला होता. भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या कथेतील कुत्रा उपाशी होता. भरल्या पोटाच्या कुत्र्यामागे आपण बिस्किटाचा पुडा घेऊन धावतो, त्याला मात्र करुणा म्हणता येणार नाही.

काही जण म्हणतील, कुत्रा हा लांडग्याचा वंशज, त्याने भाकर खावीच का? याचेही उत्तर शोधले गेले आहे. २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले, की पिष्ट पचवणाऱ्या एका विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यांत ४ ते ३०. माणसाच्या शेतीच्या सहवासात कुत्रा धान्य पचवायला शिकला. अर्थात नुसती भाकर पुरेशी नाही. तिच्यासोबत उकडलेले अंडे किंवा मांस यांसारखी प्रथिने हवीतच. कांदा आणि लसूण मात्र कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक असतात. उरलेला झुणका किंवा रस्सा त्याच्या थाळीत ओतणारे हे विसरतात. चॉकलेट, द्राक्षे व मनुकाही वर्ज्य समजाव्यात.

मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा निरोगी कुत्राही कमी खातो. अन्न पचवताना उष्णता निर्माण होते आणि ती बाहेर टाकायला त्याच्याजवळ मुख्य साधन धापा टाकण्याचे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० जूल उष्णता निघून जाते. त्या दिवसांत अन्न पहाटे व रात्री द्यावे, आणि पाणी सदैव भरलेले ठेवावे.

आम्ही काय केले? बिस्किटे सर्वानुमते बंद झाली. काकूंनाही विनंती केली. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, कोमट भाकर आणि अंडे. वीस मिनिटांत खाल्ले तर ठीक, नाहीतर थाळी उचलायची. दोन दिवस मोती रुसला आणि त्याच्यापेक्षा आजी अधिक रुसली. चौथ्या दिवशी थाळी चाटून स्वच्छ झाली. पण लक्षात ठेवा, हा उपाय ज्याचे वजन स्थिर आहे आणि जो हुशारीत आहे अशा प्रौढ कुत्र्यासाठीच. पिल्लाला किंवा मलूल कुत्र्याला असे ताटकळत ठेवू नये. पूर्ण दिवसभर अन्न टाकले, ओकारी झाली, तोंडातून लाळ गळू लागली, तर वही मिटावी आणि दवाखाना गाठावा.

वजन करणे कठीण नाही. घरच्या काट्यावर प्रथम एकटे उभे राहा, मग कुत्र्याला उचलून घेऊन. दोन वाचनांतील फरक म्हणजे कुत्र्याचे वजन. कुत्रा वळवळतो, म्हणून तीन वेळा मोजून सरासरी घ्या. दर रविवारी, खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर. चार रविवारांचा आलेख काढा. ज्या शाळेत दोनचार मुलांकडे कुत्री आहेत, तेथील शिक्षकांनी हा प्रयोग विज्ञानाच्या तासाला अवश्य द्यावा. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे' ही म्हण शेपटापुरती खरी असेल. ती त्याच्या खाण्याला लावून आपण मोकळे होतो, आणि मग कारण शोधायचे राहून जाते. कधी त्याची किंमत एखादा काळू देतो.

व्हरांड्यात भेटलेला तो विद्यार्थी परवा पुन्हा आला. त्याच्या हातात वही होती. कुत्र्याचे वजन तीन आठवड्यांत दीड किलोने उतरले होते. "सर, हा नखरा नाही वाटत," तो म्हणाला. त्याच दुपारी तो कुत्र्याला घेऊन दवाखान्यात गेला.